बारा पाहुणे कलाकार असलेल्या रॉक कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला पाच जणांचा रॉक बँड आहे. ड्रम्स, बेस, दोन गिटार, कीबोर्ड. कोथरूडच्या नाट्यगृहात अडीच तासांचा कार्यक्रम, पंधरा गाणी. त्यातल्या नऊ गाण्यांत मिळून बारा पाहुणे: तीन गायक, एक रॅपर, एक गिटारिस्ट, सॅक्सोफोन, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला आणि शेवटच्या गाण्याला दोन ढोल, एक ताशा. याचा लाइव्ह अल्बम काढायचा आहे. साउंडवाल्याकडे बेरिंजरचा एक्स-३२ मिक्सर आहे. त्यालाच लॅपटॉप जोडून बत्तीस ट्रॅक (म्हणजे प्रत्येक लाइनचं वेगळं रेकॉर्डिंग) घ्यावेत, की रेकॉर्डिंगसाठी वेगळी यंत्रणा भाड्याने आणावी, हे तुम्हाला ठरवायचं आहे आणि बजेट बेताचं आहे.

वेगळी यंत्रणा आणू नका. ते पैसे नाट्यगृहाचं एक जादा सत्र घेण्यात आणि मंचावर धावपळ करणाऱ्या दोन जाणत्या पोरांवर खर्च करा. एक्स-३२ आणि एक बरा लॅपटॉप एवढ्यात अल्बमच्या दर्जाचं रेकॉर्डिंग होतं. यंत्रामुळे असे अल्बम क्वचित फसतात. फसतात ते पाहुणा विंगेतून बाहेर येतो आणि पहिली ओळ गातो, त्या मधल्या मिनिट-दीड मिनिटात. वायर चुकीच्या जागी जाते, गेन (मिक्सरमध्ये शिरतानाच माइकचा आवाज किती वाढवायचा ते) भलताच असतो, हार्मोनियम आणि गिटारचा सूर जुळत नाही, शेवट कसा करायचा ते कुणालाच माहीत नसतं. हे सगळं जसंच्या तसं बत्तीस ट्रॅकवर छापलं जातं. म्हणून माझ्या उत्तराचा मोठा भाग पाहुण्यांबद्दल आहे, यंत्राबद्दल कमी.

तरी यंत्राचं आधी उरकून टाकू.

‘एक्स-३२’ म्हणजे नेमका कुठला, ते साउंडवाल्याला विचारा. मोठ्या एक्स-३२ ला मागे बत्तीस माइक इनपुट असतात. कॉम्पॅक्ट, प्रोड्यूसर आणि रॅक या भावंडांना सोळाच. बाकीचे सोळा स्टेजबॉक्सवरून, म्हणजे मंचावर ठेवायच्या जादा इनपुटच्या पेटीवरून घ्यावे लागतात, तेव्हा स्टेजबॉक्स आहे का तेही पाहा. मग मागच्या खाचेत कुठलं कार्ड आहे ते बघा. यूएसबी कार्ड असेल तर लॅपटॉपवर ३२ ट्रॅक मिळतात. एक्स-लाइव्ह कार्ड असेल तर त्यात दोन एसडी कार्डंही बसतात. ३२ जीबीच्या दोन कार्डांवर बत्तीस ट्रॅकचे साधारण पावणेतीन तास मावतात, म्हणजे एक प्रत कार्डावर आणि दुसरी लॅपटॉपवर. मिळत असेल तर एक्स-लाइव्हवालाच मिक्सर मागा. भाड्यात थोडाफार फरक पडला तरी घ्या.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. व्हिडिओही करणार असाल तर ४८ सोयीचं पडतं, आणि ९६ हा मिक्सर देतही नाही. एका ट्रॅकला तासाला साधारण ०.५२ जीबी लागतात. बत्तीस ट्रॅकना तासाला साडेसोळा, तीन तासांना पन्नास जीबी. लॅपटॉपच्या एसएसडीवर दीडशे जीबी मोकळे ठेवा, म्हणजे दुपारची तालीमही मावेल. बाहेरची डिस्क वापरणार असाल तर ती एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेली नसावी. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबू शकतं.

लॅपटॉपवर वायफाय बंद, अपडेट बंद, स्लीप बंद, स्क्रीनसेव्हर बंद. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (लॅपटॉप आवाज एका वेळी किती साठवून घेतो तो आकडा) ५१२ किंवा १०२४ ठेवा. लॅपटॉपमधून कुणी काही ऐकत नसल्यामुळे उशीर झाला तरी बिघडत नाही, आणि मोठ्या बफरमुळे ट्रॅकमध्ये टिकटिक येत नाही. यूएसबी केबल पाच मीटरच्या आत हवी आणि ती मिक्सरच्या हँडलला टेपने बांधा, कारण अंधारात कुणाचा तरी पाय त्यात अडकतोच. मिक्सर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, पण वीज गेली की मिक्सर बंद होतो आणि पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो.

आता साउंडवाल्याशी जी गोष्ट स्पष्ट बोलून घ्यायची आहे ती. मिक्सरमधून रेकॉर्डिंगला जाणारा आवाज गेनच्या पुढे पण फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) आणि ईक्यू (जाड-बारीक आवाजाची जुळवणी) यांच्या आधी घ्यायचा असतो. त्यामुळे हॉलसाठी ते फेडर कितीही हलवोत, रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. गेन हलवला की मात्र ट्रॅकची पातळी गाण्याच्या मधोमध उडी मारते. तेव्हा कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात नाही. शिवाय ते प्रत्येक गाण्याला वेगळा सीन, म्हणजे मिक्सरची साठवून ठेवलेली मांडणी, लावणार असतील तर सीन बदलताना गेन बदलू नये यासाठी ‘सेफ’ची सोय असते, ती चालू करून घ्या. ती राहून गेली तर सहाव्या गाण्याचा सीन लावताच सगळे गेन सीन साठवला त्या क्षणाच्या आकड्यांवर जाऊन बसतात, आणि हॉलमध्ये कुणाला कळायच्या आत दोन माइक फाटायला लागतात.

गेन किती? साउंड चेकला सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १५ डेसिबलच्या आसपास लागेल एवढाच. चेकला माणूस राखून गातो, लोकांसमोर तोच पाच-सहा डेसिबल वर जातो. पाहुणे तर जास्तच, कारण त्यांचं एकच गाणं असतं. २४ बिटमध्ये आवाज हळू आला तर नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

आता बत्तीस चॅनल कसे वाटायचे. ड्रम्सना सात: किक, स्नेअर, हायहॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड. बेसला एक, गिटारच्या ॲम्पना एकेक, कीबोर्डला दोन, बँडच्या आवाजाला दोन. झाले चौदा. पाहुण्यांचे: गायक ‘अ’, गायक ‘ब’, पाहुणी गिटार, व्हायोलिन, सॅक्स, हार्मोनियम, तबल्याचे दोन, ढोलांचे दोन, ताशा. हे अकरा धरून पंचवीस. लूप (आधी रेकॉर्ड केलेले तुकडे) वाजवणार असाल तर त्याचे दोन, निवेदकाचा एक, प्रेक्षकांचे दोन, ड्रमरचा क्लिक (लय दाखवणारी टकटक) एक, गाण्यासाठी एक जादा माइक. बरोब्बर बत्तीस, आणि हातात एकही मोकळी लाइन नाही. असं ठेवू नका. हायहॅटचा माइक मी सरळ काढतो. ओव्हरहेड आणि स्नेअरच्या माइकमध्ये हायहॅट हवा त्यापेक्षा जास्तच येतो. ती लाइन मंचाच्या कडेला तयार ठेवायची, कुठलीही वायर मेली की तीच लावायची.

या यादीत पाहुण्यांची नावं नाहीत, ते मुद्दाम. चार जण गाणार म्हणून चार माइक मांडायचे नाहीत. मंचाच्या पुढच्या कडेला पाहुण्यांच्या दोन जागा ठरवा, डावी आणि उजवी. प्रत्येक जागी एक माइक, एक मॉनिटर (कलाकाराला ऐकण्यासाठीचा स्पीकर), जमिनीवर टेपची खूण. पाहुणा आपल्या जागी येतो, माइक आधीच तिथे, आधीच चालू. पहिल्या गाण्याचा पाहुणा ‘अ’ वर असेल तर पुढचा ‘ब’ वर येतो, म्हणजे एकाच्या टाळ्या चालू असताना दुसऱ्याची जागा तपासून होते. दोन्हीकडे एकाच मॉडेलचा माइक लावा, म्हणजे मिक्सिंगला चार आवाज चार जातीचे लागत नाहीत. एसएम-५८ पुरेसा आहे. वायरलेसपेक्षा मी वायरचाच माइक पसंत करतो. एलईडी पडदा असलेल्या मंचावर वायरलेसला कधी खरखर येईल सांगता येत नाही, आणि बॅटरी मध्यंतरात बदलायची आठवण कुणालाच राहत नाही.

सॅक्स, हार्मोनियम, तबला यांच्या लाइन मात्र ज्याच्या त्याच्याच. स्टँडसकट विंगेत मांडून ठेवा, वायर जोडलेली, चॅनल म्यूट. वेळ आली की स्टँड उचलून खुणेवर आणायचा. मंचावर कार्यक्रम चालू असताना एकही पिन काढून दुसऱ्यात घालायची वेळ यायला नको. तबल्यासाठी तर छोटी चाकांची चौकी मिळाली तर उत्तमच: तबला, हार्मोनियम, तिन्ही माइक त्यावर लावलेले, चौकी ढकलून आणायची आणि चाकांना ब्रेक लावायचा.

व्हायोलिनला पिकअप असेल तर डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी. नसेल तर छोटा क्लिपचा माइक लावा. स्टँडवरच्या माइकने ड्रम्सच्या गोंगाटात व्हायोलिन मिळत नाही, झांजाच मिळतात. पाहुणा गिटारिस्ट स्वतःचा पेडलबोर्ड आणतो. त्याच्या अडॅप्टरसाठी ॲम्पशेजारीच, त्याच बोर्डावरून निघालेला प्लग ठेवा. लांबच्या वेगळ्या पॉइंटवरून वीज घेतली की गुणगुण सुरू होते. ती घालवण्यासाठी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही, कुणी कितीही ‘नेहमी असंच करतो’ म्हणालं तरी. गिटारिस्टच्या ओठाला माइकचा शॉक बसतो तो अशानेच, आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. दिव्यांच्या डिमरची फेज आणि साउंडची फेज वेगळी हवी. नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनला हे आधीच्या दिवशी सांगा, त्या दिवशी तो दिव्यांत अडकलेला असतो.

सुरांचं प्रकरण बहुतेक रॉक बँड शेवटच्या दिवसावर टाकतात आणि तिथेच पस्तावतात. गिटार, बेस, व्हायोलिन सुरात लावता येतात. कीबोर्डला मास्टर ट्यूनिंग असतं. सॅक्स माउथपीस आत-बाहेर करून थोडा सरकतो. हार्मोनियमचा सूर त्या दिवशी हलत नाही. बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झला (सूर लावायचा प्रमाण आकडा) काटेकोर नसतात, ४४२ किंवा त्याच्याही वर निघतात, आणि त्यांतले काही सूर आपसातही किंचित पुढे-मागे असतात. म्हणून पेटीवाल्यांकडून आठवडाभर आधी, जी पेटी ते त्या दिवशी आणणार तिच्याच मधल्या सप्तकातले दोन-तीन सूर मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजून घ्या. पेटी ४४३ निघाली तर त्या गाण्यापुरता अख्खा बँड ४४३ वर. गिटारचे ट्यूनर आणि कीबोर्ड त्या आकड्यावर लावायला अर्धं मिनिटही लागत नाही, फक्त आकडा आधी माहीत हवा. त्याच गाण्यात लूप असेल तर तोही तेवढाच वर सरकवून निर्यात करावा लागतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही, मग पेटी बेसूर वाटते आणि बोल पेटीवाल्याला लागतात.

पट्टीचंही तसंच. रॉकवाल्यांचा जीव ईमध्ये, म्हणजे पांढरी तीनमध्ये. तबलजींना हे चार दिवस आधी कळलं तर ते त्या पट्टीला लागणारा तबला आणतील. ऐनवेळी कळलं तर हाती असलेला तबला ओढून-ताणून वर चढवावा लागेल, आणि एसीच्या झोतात व दिव्यांच्या उष्णतेत तो गाण्याच्या मध्येच सरकेल. आल्टो सॅक्सवाल्याला तुमचा ई मेजर म्हणजे त्याच्या कागदावर सी शार्प मेजर, सात शार्प. वाजवणारा वाजवेल, पण सोलोची मजा जाईल. तेच गाणं अर्धा सूर खाली, म्हणजे ई फ्लॅटला घेतलंत तर त्याच्याकडे तो सी मेजर होतो. बरेच रॉक बँड गिटार अर्धा सूर उतरवूनच वाजवतात. तुम्ही तसे असाल तर अर्धा सूर उतरवलेली सगळी गाणी सलग लावा आणि दुसऱ्या ट्यूनिंगसाठी दुसरी गिटार हाताशी ठेवा. मंचावर गिटार लावत बसण्यात गेलेला वेळ रेकॉर्डिंगमध्येही भकास वाटतो.

आता ढोल-ताशा. शेवटच्या गाण्यात ते असणं योग्यच, कारण ते वाजायला लागले की त्या मंचावरच्या प्रत्येक उघड्या माइकमध्ये तेच असतात. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते बाहेर काढू शकत नाही. बंद हॉलमध्ये दोन ढोल आणि ताशा म्हणजे गायकाच्या माइकवर गायकाइतकाच ताशा. तोडगा जागेचा आहे. त्यांना ड्रम्सच्या शेजारी उभं करू नका. मंचाच्या एका टोकाला, गाण्याच्या माइकांची पाठ त्यांच्याकडे येईल असं उभं करा. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, त्याचा फायदा घ्यायचा. हॉलची रचना परवानगी देत असेल तर प्रेक्षकांमधल्या वाटेवरून वाजवत आणा आणि मंचाच्या खालीच ठेवा. दिसायलाही ते भारी दिसतं. ढोलाच्या धीम बाजूला किकचाच जाड माइक, चामड्यापासून वीतभर अंतरावर. ताशाला साधा डायनॅमिक माइक हातभर लांब आणि गेन अगदी कमी. ताशाचा ठोका मीटरवर दिसतो त्यापेक्षा टोकदार असतो, तो आधी फाटतो. आणि त्या गाण्यात शब्द महत्त्वाचे असतील तर ढोल-ताशा दोन कडव्यांच्या मध्ये आणि शेवटी वाजवा, कडव्यावर नाही. ही रचनेची गोष्ट आहे, तालमीतच ठरते. कार्यक्रम गणपतीच्या आधीच्या महिन्या-दोन महिन्यांत असेल तर पथकातली मंडळी रोज संध्याकाळी सरावाला बांधलेली असतात, तारीख आधी पक्की करा.

गायकांबद्दल एक गोष्ट त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला हवी. भावगीत, नाट्यसंगीत किंवा शास्त्रीय गाणाऱ्यांना माइक वीतभर लांब धरायची सवय असते. तबला-पेटीच्या साथीला ते शोभतं. मागे ड्रम्स असताना माइक वीतभर लांब गेला की त्या ट्रॅकवर झांजा गाण्यापेक्षा मोठ्या येतात, आणि मिक्सिंगला आवाज वाढवला की झांजाही वाढतात. माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर हवा. ‘ताई, आज माइक थोडा जवळ घ्या, नाहीतर रेकॉर्डिंगला ड्रम्स तुम्हाला झाकतील’ एवढं म्हटलं की पुरतं. हे बँडमधल्या कुणीतरी सांगावं, अनोळखी साउंडवाल्याने नाही. पाहुण्यांच्या जागा ड्रम्सपासून निदान तीन मीटर पुढे ठेवा. मॉनिटरमध्ये त्यांना त्यांचा आवाज, कीबोर्ड आणि थोडा स्नेअर द्या. बाकी काही मागितलं तरच. इन-इअरची, म्हणजे कानात घालायच्या मॉनिटरची सवय नसलेल्या माणसाला कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा कानात बोळे घालायला लावू नका, तो एक काढून टाकतो आणि सूर सोडतो. बँडचे पाच जण मात्र इन-इअरवर गेलात तर मंचावरचे पाच मॉनिटर कमी होतात. रेकॉर्डिंग स्वच्छ व्हायला याइतका स्वस्त उपाय नाही.

आता तालीम. इतके पाहुणे घेऊन कार्यक्रम पार पडतो तो यजमान बँड एकच असला तर. द बँड या गटाने २५ नोव्हेंबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला, त्यात बॉब डिलन, मडी वॉटर्स, जोनी मिचेल, नील यंग असे एकाहून एक पाहुणे होते. पण मंचावरचा साथीदार तोच, पाहुणे येत-जात होते. तुमचंही तेच सूत्र आहे, तेव्हा पाहुण्याचं गाणं तुम्हाला झोपेत वाजवता आलं पाहिजे. पाहुण्याला फक्त दोन ठिकाणं नक्की माहीत हवीत: सुरुवात कुणाच्या मोजणीवर आणि शेवट कसा. शेवटाकडे खास लक्ष द्या. तबलजी तिहाई घेऊन समेवर उतरणार आणि तुमचा ड्रमर चार बारचा फिल घेऊन क्रॅशवर. दोघांचा हिशेब वेगळा निघाला तर गाण्याचा कळस विस्कटतो. तिहाई किती मात्रांची, कुठून उचलायची, ते कागदावर लिहा. सॅक्सला सोलोची किती आवर्तनं आणि सोलो संपल्याची खूण कोण देणार, तेही. जॅमरूममधल्या तालमीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून त्या पाहुण्याला त्याच रात्री पाठवून द्या.

यापुढची सूचना सगळ्यात मोलाची मानतो: नाट्यगृहाचं दुपारचं सत्रही घ्या आणि त्यात पाहुण्यांसह संपूर्ण रंगीत तालीम रेकॉर्ड करा. तेच माइक, तेच गेन, त्याच जागा. संध्याकाळी कडव्यात शब्द चुकला, सोलोत तार तुटली, तर तेवढा तुकडा दुपारच्या रेकॉर्डिंगमधून उचलता येतो आणि तो बाकीच्याशी जुळतो, कारण हॉल तोच आहे. जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी कार्यक्रम केला तेव्हाही एकाच दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन प्रयोग झाले होते. दोन प्रयोग असले की निवड करता येते. त्यासाठी लय जुळायला हवी, म्हणून ड्रमरच्या कानात क्लिक. अख्खं गाणं क्लिकवर वाजवणं नको वाटत असेल तर निदान मोजणीचे चार ठोके क्लिकवरून घ्या. सुरुवातीचा वेग सारखा असला की कडव्याच्या सांध्यावर जोड बसतो.

साउंड चेक उलट क्रमाने करा. शेवटच्या गाण्याचे पाहुणे आधी, पहिल्या गाण्याचे सगळ्यांत शेवटी, म्हणजे चेक संपतो तेव्हा मंच पहिल्या गाण्यासाठी मांडलेलाच असतो. प्रत्येक पाहुण्याचं मिनिटभर रेकॉर्डिंग करून हेडफोनवर ऐका. मीटर हलतोय म्हणजे लाइन ठीक, असं नाही. खरखर, गुणगुण आणि सैल पिन मीटरवर दिसत नाहीत.

मंचावरची दोन माणसं म्हणजे एक डाव्या विंगेत, एक उजव्या. दोघांच्या हातात, साउंडच्या टेबलावर आणि निवेदकाकडे एकच कागद. त्यात गाण्याचा क्रमांक, पट्टी, ट्यूनिंग, पाहुण्याची जागा, त्याचा चॅनल, शेवट कसा. नवा माइक उघडायच्या आधी साउंडवाल्याने विंगेकडे बघायचं, अंगठा वर आला की म्यूट काढायचा. दोन जड बदल, म्हणजे तबल्याची चौकी आणि पाहुण्याचा ॲम्प, पाठोपाठच्या गाण्यांत ठेवू नका. मध्ये बँडचं स्वतःचं गाणं घाला.

निवेदकाला एकच विनंती: गाण्याचा शेवटचा ठोका पडल्यावर मनात दहा मोजून मगच बोलायचं. झांजांचा निनाद विरतो, टाळ्या उठतात, तेवढा भाग अल्बमला स्वच्छ लागतो. ‘वा वा, काय बहार आली!’ हे वाक्य टाळ्यांवर चढलं की ते कापता येत नाही आणि ठेवताही येत नाही.

प्रेक्षकांचे दोन माइक मंचाच्या दोन्ही पुढच्या कोपऱ्यांत, प्रेक्षकांकडे तोंड करून, स्पीकरच्या मागे. हॉलच्या स्पीकरमध्ये ते कधीच सोडायचे नाहीत. मागच्या रांगेत लावण्याचा मोह होतो, पण आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. वीस मीटरवर ५८ मिलिसेकंदांचा उशीर, म्हणजे प्रत्येक स्नेअर दोनदा ऐकू येतो. लावलेच तर मिक्सिंगला ते ट्रॅक तेवढे पुढे ओढायचे. आणि ‘प्रेक्षकांचं वेगळ्या रेकॉर्डरवर घेऊ’ हे टाळा. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालतात. दहा लाखात वीसचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांनी सरकतात.

नाट्यगृहाबद्दल: बंद सभागृहाला रात्री दहाचा ध्वनिक्षेपकाचा नियम मोकळ्या मैदानासारखा लागू होत नाही, पण सत्राची वेळ पाळावीच लागते. शेवटचं गाणं वेळेआधी वीस मिनिटं संपेल असा हिशेब ठेवा. पुढे कार्यक्रम मैदानावर किंवा लॉनवर न्यायचा झाला तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दहा म्हणजे दहा.

कागदपत्रं. प्रत्येक पाहुण्याची लेखी संमती कार्यक्रमाच्या आधी घ्या. कॉपीराइट कायद्यात वादक-गायकाचाही आपल्या सादरीकरणावर हक्क आहे, कलम ३८ आणि ३८ ए पाहा. एक पान पुरतं: गाणं, वाद्य, ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्हींची परवानगी, श्रेयनामावलीत नाव कसं येणार, मानधन किती, पुढच्या कमाईत वाटा आहे की नाही. रॅपरचे शब्द त्याचे स्वतःचे असतात, तेव्हा त्याच्याशी गीतकार म्हणून वेगळं ठरवा. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर हॉलमध्ये वाजवण्याचा परवाना वेगळा, तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडून, आणि अल्बमवर घालण्याची परवानगी वेगळी, ती गाण्याच्या हक्कदाराकडून. कलम ३१ सी मध्ये कव्हरची वाट आहे, पण त्यात मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं जावी लागतात आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. छोट्या बँडला ती परवडत नाही. कव्हर हॉलमध्ये मनसोक्त वाजवा, अल्बमवर स्वतःचीच गाणी ठेवा.

मिक्सिंगबद्दल वेगळं विचारलंत तर सविस्तर लिहीन, आत्ता एवढंच: कार्यक्रम संपल्यावर लॅपटॉप बंद करण्याआधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करा, आणि दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या घरी जाऊ द्या.

वेगळी यंत्रणा कधी आणावी, हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. लाइन बत्तीसच्या वर गेल्या, किंवा हॉलचा मिक्सर ॲनालॉग निघाला, किंवा साउंडवाला ‘गेनला हात लावणार नाही’ हे कबूल करत नसेल, तर ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर (प्रत्येक माइकचा आवाज दोन मिक्सरना वाटून देणारा) आणि स्वतंत्र मिक्सर घ्यावाच लागेल. तेव्हा फँटम पॉवर (काही माइकना मिक्सरमधून लागणारी वीज) दोन्ही मिक्सरांपैकी कुणी द्यायची ते आधी ठरवा. तुमचा एक्स-३२ मोठा की कॉम्पॅक्ट, ढोल मंचावर की खाली, आणि पेटीचा मोजलेला आकडा किती, हे तिन्ही कळवलंत तर चॅनलची यादी गाण्यांच्या क्रमासकट लावून देता येईल.